चौदा खाटा

जत्रेला आठ दिवस होते. पटकीची सुई टोचून घ्यायला मी तान्हीला खांद्यावर घेऊन धरणगावच्या दवाखान्यात रांगेत उभी होते. डॉक्टरांनी खबरदारी म्हणून घरोघरी खाटा मागितल्या होत्या. धनसिंगआबा नि वच्छलाबाई आपली खाट घेऊन आले, तसा कंपाउंडर कात्री घेऊन पुढे झाला.

"आबा, मधोमध भोक पाडावं लागेल."

"मन्ही खाट शे ती! दिवसभर बसून विणली, अन् तू कात्री लावतो?"

"पटकीच्या रोग्याला जुलाबाला उठवत नाही, आबा. खाली बादली ठेवावी लागते."

"आपली लेक पुष्पा येणार शे जत्रेला, लेकरं घेऊन. कापू द्या हो," वच्छलाबाई म्हणाल्या.

"तू थांब. भाऊ, ती कात्री ठेव आधी. एक दोरी कापली की बठ्ठी, सगळीच वीण सुटते. दुसऱ्या दिवशी रोगीच बादलीत बसेल."

"मग काय करू?"

"मी उसवतो अन् भोक सोडून परत विणतो. कितल्या खाटा शेतस?"

"चौदा."

"चौदा! अहो, घरी पाळण्याची दोरी बांधा म्हटलं तर तुमची कंबर धरते."

"तू दोरी भिजत घाल. गप ऱ्हाय."

"पण आबा, यंदा पटकी आलीच नाही, तर एवढी मेहनत वाया जाईल."

"जाऊ दे ना भाऊ वाया! मग मीच येईन हसत हसत, चौदाही भोकं बुजवायला."