दोघींची खोली

(वाघोलीतला सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट. डोळे दाखवायला दर महिन्याला शिरूरहून येणाऱ्या मथुराबाई आपल्या नेहमीच्या खोलीच्या दारात उभ्या आहेत. मागे मुलगा तेजस आणि सून उत्कर्षा.)

मथुराबाई : चहाचं ऱ्हाऊ दे रं. माझा पलंग कुठं गेला ते सांग आधी.

तेजस : वॉचमनला दिला. त्याच्या जागी सोफा आणलाय. ओढला की पलंग होतो.

मथुराबाई : आन् नाय ओढला तर?

तेजस : तर सोफा.

मथुराबाई : मंग हिकडं खिडकीपाशी ह्यो पिंजरा कसला? गज लागत्यात हाताला. कुत्रं आणलं का काय?

उत्कर्षा : आई, ती कॉट आहे. बाळाची.

मथुराबाई : बाळाची? अगं बया! आन् तू चहा घेऊन उभी काय ऱ्हायलीस, बस खाली. कितवा म्हयना?

उत्कर्षा : नाही आई, तसं नाही...

मथुराबाई : मला मेलीला समदं धूसर दिसतं, तुझं पोटबी दिसलं नाय. पर तेजस, तू तरी फोनवर बोलायचंस! आन् खाट आधीच आणून ठेवली? पोर व्हायच्या आधी काय आणू नये घरात.

उत्कर्षा : तेजस, तू एसटीच्या थांब्यावरून येताना सांगणार होतास.

तेजस : ट्रॅफिक होतं.

उत्कर्षा : अरे, मग तर वेळच वेळ होता!

मथुराबाई : काय सांगायचं होतं? कुणीतरी एकानं नीट बोला.

उत्कर्षा : आई, मला दिवस गेलेले नाहीत. आम्ही मुलगी दत्तक घेतोय. सव्वा वर्षाची आहे. सोमवारी आणायची.

मथुराबाई : ह्याच सोमवारी?

तेजस : ह्याच.

मथुराबाई : आज गुरुवार हाय.

तेजस : हो.

मथुराबाई : कधीपासनं चाललंय हे?

उत्कर्षा : नाव नोंदवलं त्याला तीन वर्षं झाली.

मथुराबाई : तीन वर्सं. तीन वर्सं मी म्हयन्याच्या म्हयन्याला हितं येऊन झोपते, आन् भिंतीपल्याड तुम्ही फॉर्म भरत होता.

तेजस : सांगणार होतो गं. पण माधवदादाच्या पोराच्या बारशाला तू गेली नाहीस. दादा तुझा सख्खा पुतण्या. अख्खा गाव जेवून आला, तू घरात बसलीस. का, तर पोर दत्तक. आम्ही काय समजायचं?

मथुराबाई : तवा माझा गुडघा...

तेजस : गुडघा दुसऱ्या दिवशी बाजारात फिरत होता.

उत्कर्षा : तेजस, पुरे.

मथुराबाई : बोलू दे त्याला. खोटं नाय बोलत. बारशाला गेलं की पाळण्यात वाकायचं आन् म्हणायचं, नाक आज्यावर गेलंय, कपाळ आईचं हाय. जल्मभर तेच म्हणत आले मी. त्या पोराकडं बघून काय म्हणायचं, ते सुचंना. गप बसले असते तर बाया म्हणल्या असत्या, बघा, तोंड वाकडं केलं हिनं. मंग गेलेच नाय.

तेजस : हे कधी बोलली नाहीस.

मथुराबाई : इचारलं कुणी? तुम्ही तुमचं ठरवून मोकळं झालात. माझी पिशवी दे हिकडं. दुपारची एसटी हाय. डोळं पुढच्या म्हयन्यात दाखवीन.

उत्कर्षा : आई, थांबा. रागवा, पण थांबा. चार दिवस झाले, ही खोली लागतच नाहीये. कॉट खिडकीशी ठेवली तर सोफा उघडत नाही. सोफा उघडला तर कपाटाचं दार अडतं. काल रडले मी ह्यावरून.

मथुराबाई : मंग माझी जागा काढून टाका. मला हॉलमध्ये सतरंजी पुरं हाय.

उत्कर्षा : तेच तर करायचं नाहीये. मी पडदे शिवले, भिंतीवर जिराफ लावला, तिची वेगळी खोली म्हणून. आणि संस्थेतल्या सुहासिनीताई परवा म्हणाल्या, तिला एकटीला झोपवू नका, घाबरेल. तिथे एका हॉलमध्ये बारा मुलं झोपतात. ती कधी एकटी झोपलेलीच नाही.

मथुराबाई : बारा? मंग मधीच जाग आली की काय करती?

उत्कर्षा : शेजारच्या कॉटच्या गजातून हात घालते. भेटायला गेले होते, त्या दुपारी पाहिलं मी. पलीकडच्या मुलीचा फ्रॉक मुठीत धरला आणि परत झोपली.

मथुराबाई : ...नाव काय हाय तिचं?

उत्कर्षा : द्वारका. संस्थेनं ठेवलंय. आम्ही बदलणार होतो, यादीसुद्धा केली. आता कळत नाही, बदलावं की नको.

मथुराबाई : हाक मारली की बघती का?

उत्कर्षा : लगेच.

मथुराबाई : मंग कशाला बदलता? तेजस, तो सोफा ओढ. पार ओढ. आता ती खाट त्याला लावून ठेव. अजून. माझ्या हाताला लागली पायजे.

तेजस : कपाट उघडणार नाही.

मथुराबाई : कपाट भाईर काढ. माझी दोन लुगडी पिशवीत ऱ्हात्यात.

तेजस : आणि तू गावी असशील तेव्हा?

मथुराबाई : तवा तू झोप. बाप हायेस ना? का ते अजून ठरायचंय?

तेजस : काय माहीत. दोनदा भेटायला गेलो, दोन्ही वेळा मला बघून रडली. उत्कर्षाकडे जाते. माझ्याकडे नाही.

मथुराबाई : तूबी तुझ्या बापाला बघून रडायचास. मिशीला भ्यायचास. वर्सभर.

तेजस : मला मिशी कुठे आहे?

मथुराबाई : मंग लवकर थांबंल ती.

उत्कर्षा : आई, तुम्ही रागावला नाहीत ना?

मथुराबाई : रागावलेय की. ते काय चार दिवसांत जायचं नाय. आन् भ्याबी वाटतंय. तिला बघून काय बोलायचं, ते मला अजूनबी कळलं नाय.

उत्कर्षा : मलाही नाही कळलेलं. तिथे नुसती बसून येते मी.

मथुराबाई : किती लांब हाय ते?

तेजस : अडीच तास. गाडी सांगितलीये.

मथुराबाई : एवढा येळ पोर घेऊन कोण बसणार?

उत्कर्षा : मीच. सवय नाही, पण बसेन.

मथुराबाई : मागं माझ्यापुरती जागा ठेवा. एक मांडी अवघडली की दुसरी लागती.