तबकातले टोकन

छंद माणसाला उदार करतो म्हणतात. आमच्या बोरीवलीच्या सोसायटीतल्या मयेकरांचे ऐका आणि तुम्हीच ठरवा. दूरदर्शन नुकतेच रंगीत झाले होते, त्या सुमाराची गोष्ट.

परदेशांत बसच्या तिकिटाऐवजी धातूची नाण्यासारखी टोकने चालत. ती मयेकर जमवीत. एखादे दुबार आले, की गणपतीत आरतीच्या तबकात रुपयासारखे वाजवून टाकीत. खजिनदार मीच, त्यामुळे मला ते दिसे. देवासमोर कोणाची नाचक्की नको, म्हणून मी गप्प राही.

एका सकाळी मयेकर धापा टाकीत आले, मागोमाग वहिनी.

"अण्णा, काल तबकात माझं एक टोकन चुकून पडलं हो."

"तबकात लोक पैसे टाकतात, मयेकर."

"तेच ना. दुबार टाकायचं होतं, एकुलतं एक गेलं. अहो, अमूल्य आहे ते. परत द्या ना."

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "जन्मात एकदा देवाला काही चांगलं दिलंत, तेही चुकून. आता तेसुद्धा मागून घेताय?"

मी पावतीपुस्तक उघडले आणि लिहिले : 'श्री. मयेकर यांजकडून श्रीचरणी सप्रेम अर्पण, एक अमूल्य वस्तू.'