शिबिरातला प्रलय

पिक्चरमधून धडा घ्या म्हणतात न लोकं? मंग आमच्या चर्चमधल्या ब्रदरचं ऐका. एकोडीजवळ आमच्या चर्चचं युवा शिबिर होतं. ब्रदर त्याचे लीडर, संगं त्यायची बायको, म्हणजे आमच्या वहिनी बी आल्या होत्या. संध्याकाळी ब्रदरनं प्रलयाचा पिक्चर दाखवला. सारं शहर बुडून राहिलं होतं, अन् हिरो बायकोले शोधून राहिला होता. ती भेटली, हा रडला, माफी मागितली, तवापर्यंत डोंगराएवढी लाट मागं उभीच!

मी विचारलं, "ब्रदर, लाट थांबली काहून?"

"बायकोवर खरं प्रेम असलं का लाट बी थांबते. तुले विश्वासच नाही, म्हणून असे प्रश्न पडतात."

साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सकाळी चहाच्या चुलीचा धूर झाडावर गेला अन् आग्या मोहोळ उठलं. सगळ्यात पहिले ब्रदर पळाले. गाडीत बसले, काचा वर केल्या, दार आतून लॉक. वहिनी बाहेरून काच ठोकून राहिल्या, अन् हे आतून हात हलवून सांगून राहिले, तिकडं पळ, तिकडं पळ!

दुपारपर्यंत वहिनीचा एक डोळा सुजून बंद झाला. ब्रदर म्हणाले, "अवं, दार उघडाले टाइमच नव्हता."

वहिनी म्हणाल्या, "कालच्या लाटेले बरा टाइम होता!"