हात पाठीमागे होते

जबाब देणारीची ओळख: परिसरात 'इस्त्रीवाली आजी' म्हणून माहीत. वय सत्तरीच्या पुढे. नक्की किती असे विचारल्यावर "तोंडात सहा दात उरलेत, त्यावरून काढा" असे सांगितले. धंदा कपडे धुणे व इस्त्री. राहणार मैदानामागची गल्ली, तळमजला, दुकानाच्या मागच्या दोन खोल्या. लिहिता-वाचता येत नाही.

कोणी पाठवले म्हणून नव्हे, तर जाऊ नका म्हणणाऱ्यांचे न ऐकता मी स्वतः ठाण्यात आले आहे आणि सांगते ते असे:

घरात मी आणि माझा नातू असे दोघेच. मधली पिढी नाही. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखे काही नाही. नातू चौदा वर्षे फुटबॉलचा पगारी खेळाडू आहे. गोल मारणे हे त्याचे काम नाही. गोल मारायला येणाऱ्याच्या आडवे जाणे हे त्याचे काम, म्हणून लोक त्याला 'अडसर' म्हणतात. या कामात त्याचे नाक दोनदा मोडले, भुवई फाटली, एक बरगडी तडकली. त्यानेही लोकांच्या नडग्या फोडल्या आहेत, मी नाही म्हणत नाही. तो काही मेणाचा नाही. त्याची जर्सी मीच धुते. तिच्यावरचे रक्त त्याचे की दुसऱ्याचे हे कळत नाही. गार पाण्यात दोन्ही सारखेच निघते.

हातांचे आधी लिहा, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. आपल्या गोलासमोर उभे असताना चेंडू हाताला लागला तर समोरच्याला पेनल्टी मिळते. म्हणून बचाव करणारे तिथे हात पाठीमागे घेऊन उभे राहतात. नातवाला सुरुवातीला ते जमेना. पहिल्याच वर्षी हात वर गेला आणि सामना गेला. त्या आठवड्यात तो मला म्हणाला, "आजी, माझे हात बांध." मी उशीच्या खोळीची पट्टी फाडली आणि मनगटे मागे आवळली. तसाच तो मागच्या अंगणात धावला आणि तोंडावर आपटला. पुढचे दोन दात गेले. मी म्हटले, "सोडू का रे?" तर रक्त थुंकून म्हणतो, "अजून घट्ट." महिनाभर मी रोज बांधले. मग बांधावे लागले नाहीत. समोरून काही अंगावर आले की त्याचे हात आपोआप मागे जातात. मी चादर झटकली तरी जातात. घरात आम्ही त्यावर हसायचो.

परवा सामना होता. हरले तर क्लब खालच्या विभागात जाणार होता. चेंडू नातवाच्या अंगावर आला, हात मागे होते, छातीला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. सामन्यात तेवढा एकच गोल झाला.

काल जेवणानंतर मी दुकानात हॉटेलच्या चादरींना इस्त्री करत होते. इस्त्री विजेची, जुनी, जड. उष्णतेचा आकडा सुतीवर होता. नातू मागच्या खोलीत गुडघ्यावर बर्फ धरून बसला होता. चार पुरुष आत आले. तोंडाला क्लबचे मफलर. त्यांनी शटर आतून ओढून घेतले. एकाला मी लगेच ओळखले. तो मैदानात प्रेक्षकांच्या स्टँडात ढोल वाजवतो, त्याला ढोल्या म्हणतात. दर सामन्याआधी त्याची नायलॉनची जर्सी माझ्याकडे येते. तिच्या पाठीवर माझ्याच नातवाचा नंबर आहे. काल तीच अंगात होती, मी घातलेल्या घड्यांसकट.

मी म्हटले, "ढोल्या, तोंड झाकलंस आणि पाठ उघडी ठेवलीस. अक्कल स्टँडात विसरलास काय?"

तो म्हणाला, "आजी, तू आत जा. तुझ्याशी भांडण नाही."

"आतच आहे मी. बाहेरचे तुम्ही."

आवाज ऐकून नातू आला आणि टेबलापुढे, माझ्या आणि त्यांच्या मधे उभा राहिला. म्हणाला, "म्हातारी आहे घरात. जे काय असेल ते बाहेर करू."

ढोल्या म्हणाला, "मुद्दाम घातलास ना?"

नातू म्हणाला, "अरे, मुद्दाम गोल घालता आला असता तर चौदा वर्षं मागे कशाला उभा राहिलो असतो?"

यावर त्यांच्यातलाच एक हसला. ढोल्याने त्याच्याकडे बघितले आणि लोखंडी पाइप चालवला.

पहिला फटका नातवाच्या तोंडावर बसला. जबडा एका बाजूला सरकलेला मी पाहिला. त्याचे हात पाठीमागे होते. दुसरा बरगड्यांवर बसला. हात पाठीमागेच. मी ओरडले, "हात सोड मेल्या, हात सोड." त्याने सोडले नाहीत. मला वाटते त्याला सोडता आले नाहीत. या मुद्द्यावर मला आणखी विचारू नये.

तो खाली पडल्यावर दोघे त्याच्या छातीवर बसले आणि त्याचा उजवा पाय ओढून माझ्या बसायच्या स्टुलावर आडवा टाकला. एक जण शटरपाशी राहिला. स्टँडात ठेका धरण्याआधी मोजतो तसे ढोल्याने मोजले. एकला नडगी मोडली. वाळलेले लाकूड मोडते तसा आवाज आला. दोनला हाड कातडीतून बाहेर आले. तिसऱ्यासाठी तो वाकला तेव्हा त्याची पाठ माझ्याकडे होती.

मी टेबलावरून झुकून इस्त्री त्याच्या पाठीवर, नंबरावर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. जाड कॉलर सरळ व्हायला लागतो तितका वेळ. नायलॉनला सुतीचा आकडा चालत नाही, हे मी त्याला दहादा सांगितले होते. जर्सी वितळून कातडीला चिकटली. इस्त्री उचलली तेव्हा दोन्ही थोडे थोडे तिच्याबरोबर आले. त्याच्या हातातला पाइप पडला. शटरपाशी होता त्याने शटर उघडले आणि पायरीवर ओकला. मग चौघेही पळाले.

आता ढोल्याने तक्रार दिली आहे की तो समजूत घालायला आला होता आणि नातवाने त्याला भाजले. दवाखान्यात ठाण्याच्या साहेबांनी नातवाला विचारले, "तू भाजलंस?" त्याचा जबडा तारेने बांधला आहे, बोलता येत नाही. त्याने होकाराची मान हलवली. म्हणून त्याचा एक हात बेडीने पलंगाला अडकवला आहे. क्लबचे व्यवस्थापक मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "आजी, त्याच्यावर गुन्हा लागला की करार संपला. मग आज संध्याकाळचं पायाचं ऑपरेशनही क्लब करणार नाही." बाकी कोणीच करणार नाही, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

नातवाने मान हलवली ती खोटी. कोणी येताना दिसले की आडवे जायचे, एवढेच त्याला येते. इथे तो माझ्यासाठी आडवा गेला आहे. त्याला साधी इस्त्री धरता येत नाही. एकदा धरली होती, क्लबच्या अध्यक्षांची पँट गेली. त्याचे हात बघा. नर्सबाईंनी पुसले आहेत, त्यांना विचारा. एकही ओरखडा नाही, एक नख तुटलेले नाही. ढोल्याचा वण बघा. पाठीवर आहे, टोक मानेकडे. समजूत घालणारा माणूस पाठ करून, वाकून समजूत घालत नाही. आणि तेव्हा नातू दोघांच्या बुडाखाली होता.

घाबरून हातातून इस्त्री निसटली असे लिहू का, असे हवालदार बाईंनी मायेने विचारले. नको. निसटलेल्या इस्त्रीचा वण इतका सारखा उठत नाही. माझ्या कामाला नावे ठेवू नका.

पाय पुन्हा खेळण्यासारखा होईल का, हे मी डॉक्टरांना विचारले नाही. त्यांनीही आपणहून सांगितले नाही.

मागणे एकच. ऑपरेशनच्या आधी त्याच्या हातातली बेडी काढा. मोकळा हात तो पाठीखाली घालून झोपला आहे. नर्सबाई बाहेर काढतात, तो परत घालतो. त्याला बांधायला लोखंड लागत नाही. ती बेडी मला घाला. माझे मनगट बारीक आहे, शेवटच्या खाचेपर्यंत आवळा. सैल वाटली तर मीच म्हणेन, अजून घट्ट.

हा जबाब हवालदार बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'दाबून धरली' एवढे त्यांनी गाळले होते. ते जागच्या जागी घालायला लावून मी पुन्हा वाचून घेतला. आता तो मी बोलले तसा आहे. खाली अंगठा देते.