चुली, अंडी आणि सिस्टरांचा अंदाज

खडखड... खडखड... त्या सायकलचा आवाज अजून कानात आहे हो माझ्या. बायको घरात कळा देतेय, मी दारात कान लावून उभा, आणि सात गावांना मिळून एकच सिस्टर, ती चिखलातून सायकल हाणत आली म्हणून माझी एस्नार्ट जन्मली, आणि आज हा चिसाले साहेब राजधानीहून, लिलाँग्वेहून येऊन मला, दवाखान्याच्या राखणदाराला, विचारतो, "बाबा, फाटकावर बसून काय मोजता?" काय मोजतो... सिस्टरा मोजतो, त्या दिवसापासून मोजतोय. आणि तुम्हाला सांगतो, माझा अंदाज चुकत नाही.

साहेबाकडे कॉम्प्युटर. पुढच्या वर्षी इथं किती सिस्टरा लागतील नि किती उरतील, ते म्हणे त्यात निघतं. निघू दे की. पण पेशंट कधी एकटा येतो का? आई येते, बहीण येते, मागच्या पडवीत तीन दगड मांडून मक्याच्या पिठाची न्सिमा शिजवते, म्हणजे जितक्या चुली तितके पेशंट. मी सकाळी धूर मोजतो. गेल्या थंडीत चाळीस, यंदा साठ. दहा चुलींना एक सिस्टर, तीही बिचारी जेवायला न बसणारी, म्हणजे सहा लागणार. साहेबानं तासभर बटणं बडवली, आकडा आला सहा. साहेब माझ्याकडे बघतो, मी फाटकाकडे.

"हे लागण्याचं झालं, बाबा. उरण्याचं?"

ते तर त्याहून सोपं. प्रत्येक सिस्टरच्या अंगणात कोंबड्या. जिला राहायचंय ती अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवते, जिचे परदेशातल्या नोकरीचे कागद आले ती उकडून खाते, पिल्लं मोठी होईस्तोवर थांबायचंय कुणाला? मर्व्हिस सिस्टरनं मला दोन उकडलेली दिली, मी मेट्रनबाईंना म्हटलं, ही चालली. "काहीतरीच बाबा, कालच तिनं नवे पडदे लावले." महिन्याभरात गेली, पडद्यांसकट. माझा अंदाज चुकत नाही.

"आता पाच आहेत," साहेब म्हणाला. "पाचवी तुमची एस्नार्ट. धरू?"

आता एस्नार्ट म्हणजे... अहो, परवा पायाळू बाळ सोडवलं तिनं, आणि त्याची आजी फाटकावर येऊन माझ्यापुढे गुडघे टेकून बसली, "एस्नार्टचे बाबा तुम्हीच ना?" मी तिला हाताला धरून उठवलं.

"धरा," म्हटलं. "कालच बारा अंडी नेऊन दिलीत मी तिला, कोंबडीखाली ठेवायला." साहेबानं पाच लिहिलं.

दुपारी एस्नार्ट जेवण घेऊन आली. "साहेबही आहेत म्हणून जास्त आणलंय, बाबा." झाकण काढलं. न्सिमा, आणि शेजारी उकडलेली अंडी. मोजली... सवय जाते का? बारा.

"वा, ताजी दिसतायत," साहेब म्हणाला, नि खायला लागला.

मी पोरीकडे बघितलं, ती जमिनीकडे. वाईट वाटलं? वाटलं की. पण त्याच्याआधी, तुम्हाला सांगतो, छाती फुगली. समुद्रापलीकडंही चुली वाढल्या असतील, तिथंही कुणी दारात कान लावून उभा असेल, आणि त्याला लागली कोण, तर माझी पोर.

"साहेब," मी म्हटलं, "ते पाच खोडा. चार करा. माझा अंदाज चुकत नाही."

एस्नार्टनं ऐकलं. माझ्या ताटात आणखी एक अंडं ठेवलं, डोक्यावरची टोपी सारखी केली, आणि वॉर्डाकडे चालू लागली.