चेवेने नळी खाल्ली

अहो, हसा, हसा! सगळा किनारा हसतोय, तुम्हीच कशाला मागे राहता? पण मी कुणाचं काय घोडं मारलंय, सांगा बघू! आता पाय वाळूवर आहेत म्हणून घोडं तरी म्हणतोय, नाहीतर आमच्या तेरेंगानूच्या कोळ्यांत रीतच आहे, पाण्यावर गेलं की चार पायांच्या जनावराचं नाव तोंडात आणायचं नाही. वाघ असो, रेडा असो, शेळी असो, सगळ्यांना मिळून एकच शब्द... चेवे! नाव घेतलं की समुद्र बिथरतो. आजा सांगून गेलाय, नावेत बसून नाव घ्यायचं नाही!

तर तुम्हाला सांगतो, शुक्रवारी नमाजानंतर आमच्या लेकीची, मीनाहची, लग्नाची बोलणी पक्की करायला सासरची माणसं जेवायला येणार, आणि आमच्या हिने आधीच गावभर दवंडी पिटलेली, "आमचे हे स्वतः सुरमई धरून आणणार!" आता कोळ्याच्या घरी व्याह्यांच्या ताटात बाजारचा मासा पडला तर नाक राहील का? म्हणून गुरुवारी पहाटे निघालो बापडा. मी, सुकाणूवर माझा मेव्हणा सेनिक, अन् इंजिनापाशी हुसिन. हा हुसिन रीतीचा असला पक्का, की झोपेतसुद्धा नाव घेणार नाही!

किनारा दिसेनासा झाला, गळ टाकला, सुरमई अशी उसळत होती की वाटलं, आता आपण होऊनच ताटात येऊन पडतेय... तेवढ्यात इंजिन घर्र, घर्र, फुस्स!

हुसिनने झाकण उघडलं. तोंड पांढरंफटक.

"काका, डिझेलची नळी खाल्ली!"

"कुणी रे?"

"चेवेने!"

"अरे, पण कुठल्या?"

"कसं सांगू, काका? नाव घ्यायचं नाही ना!"

खरंच होतं हो त्याचं! मी म्हटलं, बरं बाबा, नाव नको, खूण सांग. तर म्हणतो, "शेपूट लांब. मिशा आहेत."

सेनिकने सुकाणूच सोडलं. "दाजी! ए हुसिन, पट्टे आहेत का रे त्याला?"

"पट्टे नाहीत, मामा."

"मग शिंगं?"

"शिंगांनी कुणी नळी खातं का? एवढासा आहे, एवढासा! आणि काका... तो अजून आतच आहे."

आतच आहे! म्हणजे भर समुद्रात आम्ही तिघं, आणि चौथा चेवे! मी म्हातारा माणूस, सावकाश, काही घाई न करता वाकून बघतो, तोच ते बेणं टुणकन उडालं ते थेट माझ्या लुंगीत! मग कुठली रीत अन् कुठला आजा! असा बोंबललो, "उंदीर! उंदीर! उंदीर!"

हुसिनने कपाळावर हात मारला, "अहो काका, एकदा घेतलं असतंत तर चाललं असतं. तीनदा?"

आणि काय सांगू, पाऊस जो कोसळला, सुरमई जी पळाली, की एक खवलं दिसेना! नावेत बसून नाव घ्यायचं नाही म्हणतात ते उगाच का?

भिजत बसलो. शेवटी एक बोट आली, अन् तिच्यावर कोण असावं? दोलाह! आमचा होणारा व्याही! दोर बांधला, विचारतो, "व्याहीबुवा, बिघडलं तरी काय?" आम्ही तिघं एका सुरात, "चेवे!" तो तर आमच्यापेक्षा रीतीचा, पुढे अक्षर विचारलं नाही. धक्क्यापर्यंत ओढून आणलं, आणि जाताना हातभर सुरमई माझ्या टोपलीत सरकवली. "घ्या हो. माझ्याकडे ढीग पडलाय. फक्त बायकांना कळू देऊ नका."

शुक्रवारी सगळे जेवायला बसले. विहीणबाईंनी पहिला घास घेतला अन् नवऱ्याकडे वळल्या, "काय ताजी सुरमई आहे! शिका जरा व्याह्यांकडून! नाहीतर तुम्ही, काल अख्खा दिवस समुद्रावर, आणि घरी आलात ते रिकामी टोपली हलवत!"

ढीग, म्हणे! एकच होती हो त्याच्याकडे, एकच!

दोलाह मान खाली घालून भात कालवत राहिला. इकडे आमची ही अशी फुललेली, तिकडे पोरगी हसतेय, बोलणी पक्की... आता तोंड उघडावं तरी कसं? गुपचूप माशाचं डोकं, मानाचा तुकडा तो, उचललं, त्याच्या ताटात वाढलं. मासा त्याचा, मान माझा, आणि शिव्या पुन्हा त्यालाच! म्हटलं, पोरगी चांगल्या घरी पडली. बायकोपुढे गप्प बसणारा माणूस आहे... म्हणजे अगदी आपल्यातलाच!