जावयाच्या हातातली चावी

बायको अपघातात गेल्यापासून मी कोणाच्या गाडीत बसत नाही. भातकुलीला लग्नाचं जेवण आटोपून मंडपासमोरच्या बाकावर एसटीची वाट पाहत होतो. शेजारी चंद्रभान आणि त्याची बायको रुख्मिणी हळू आवाजात भांडत होती. पलीकडे त्यांचा जावई गाडीला टेकून मित्रांशी हसत होता.

"अवो, जवाई पिऊन हायेत. चावी मागून घ्या."

"जवायाले चावी मागू? चार मानसांत?"

"मानाचा टोपी-दुपट्टा देल्ला ना सकाळी! आता काय पोरगी द्याची?"

"तुह्याच भावानं पाजली त्यायले. जवायाची खातीरदारी म्हनून."

"मंग तुमी बोला."

"दिवाळीले एवढंच म्हटलं, बापू, सावकाश चालवा. तवापासून आचलले माहेरी धाडलं नाही. आज लग्नापायी तरी दिसली."

जावयाने हॉर्न वाजवला. आचल लेकराला कडेवर घेऊन आली.

"आचल, तूच सांग वं त्यायले."

"नको आई. मी बोलली का ते अजून जोरात पळवतेत."

"मंग एसटीनं जा. हे काका हायेत सोबतीले."

मी बाकावर सरकून जागा केली.

"अन घरी गेल्यावर, आई?"

चंद्रभान खाली पाहत होता. पुन्हा हॉर्न वाजला. रुख्मिणीने दोन्ही हात पुढे केले.

"बरं, लेकरू तरी ठेव माह्याजवळ. उद्या घेऊन जाजो."

आचलने लेकरू आईकडे दिलं.

"अन मी?"

रुख्मिणी लेकराचं टोपडं बांधत राहिली.